लँबिक कशी चाखावी, आणि चाखून झाल्यावर तिच्याबद्दल काय लिहावं

लँबिक पहिल्यांदा पिणाऱ्याचं तोंड वाकडं झालं तर त्यात नवल नाही. ग्लास उचललेला असतो बीअर म्हणून, आणि जिभेवर येतं ते आंबट, कोरडं, तुरट. वर गोठ्याची आठवण करून देणारा वास. बाटली खराब निघाली असं समजून बरेच जण तिथेच थांबतात. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. जितकी आंबट तितकी भारी, असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं, आणि मग त्यांच्या परीक्षणात 'आंबट' सोडून दुसरा शब्द सापडत नाही. दोघांचंही बिनसतं ते एकाच जागी. ही बीअर किती आंबट आहे यापेक्षा ती कशाने आंबट झाली आहे, हे आधी बघायचं असतं. ते एकदा जमलं की बाकीचं हळूहळू येतं.

बाटलीत नेमकं काय आहे?

ब्रसेल्स शहर, त्याच्या नैऋत्येला पसरलेला पायोटनलँड हा शेतीचा पट्टा आणि झेन नदीचं खोरं, एवढ्या मुलखातली ही बीअर. किमान ३० टक्के गहू, तोही माल्ट न केलेला (म्हणजे मोड आणून न वाळवलेला), आणि बाकी बार्लीचं माल्ट. हॉप्स, म्हणजे एरवी बीअरला कडवटपणा देणारी फुलं, मुद्दाम एक-दोन वर्षं जुने करून वापरतात, कारण इथे ते कडवटपणासाठी नसतात. नको त्या जिवाणूंना आवर घालण्यापुरतंच त्यांचं काम. उकळलेला गोड अर्क छपराखालच्या पसरट, उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवतात. या हौदाला कूलशिप म्हणतात. यीस्ट कोणीही टाकत नाही. हवेतलं, छपरातलं आणि पुढे लाकडी पिपाच्या फटीतलं जे काही आत शिरेल त्यावर आंबवण चालते. उन्हाळ्यात हवेत भलतेच जंतू वाढतात, म्हणून हा उद्योग साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात होतो.

पिपात गेल्यावर पाळ्या लागतात. पहिले काही आठवडे आतड्यातल्या जंतूंच्या कुळातले जिवाणू धुमाकूळ घालतात. मग नेहमीचं यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. काही महिन्यांनी पेडिओकॉकस नावाचा जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करायला लागतो. सगळ्यात शेवटी येतं ब्रेटानोमायसीज, म्हणजे पिणाऱ्यांच्या भाषेत 'ब्रेट'. हे यीस्ट सावकाश चालतं, इतरांनी टाकून दिलेली साखरही खातं आणि तो ओळखीचा रानटी वास देतं. चाखताना हा क्रम डोक्यात असू द्या. ग्लासातली बहुतेक प्रत्येक चव यातल्या कोणत्या तरी पाळीत सापडते.

या मूळ द्रवाला लँबिक म्हणतात. ती पिपातून थेट काढली तर तिला फेस जवळजवळ नसतो. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या लँबिक एकत्र करून बाटलीत भरल्या की कोवळ्या लँबिकमधली उरलेली साखर बाटलीतच पुन्हा आंबते आणि फेसाळ ग्यूझ तयार होते. लँबिकमध्ये आंबट चेरी मुरवली की क्रीक, रासबेरी मुरवली की फ्रँबोआज. साखर घालून गोड केली की फारो.

लेबल वाचायला शिका, पैसे वाचतील

नवखा माणूस फसतो तो इथे. दुकानात एकाच फळीवर 'क्रीक' लिहिलेल्या दोन बाटल्या असतात. एक सरबतासारखी गोड, दुसरी हाडापर्यंत कोरडी. गोड असणं हा गुन्हा नाही, पण काय घेतोय ते घेणाऱ्याला कळायला हवं.

'ऊड' (डचमध्ये 'जुनी') हा शब्द शोधा. ऊड ग्यूझ आणि ऊड क्रीक ही नावं युरोपीय संघाच्या संरक्षित यादीत आहेत. ऊड ग्यूझमध्ये वापरलेल्या लँबिकचं सरासरी वय किमान एक वर्ष लागतं आणि त्यातला सगळ्यात जुना भाग किमान तीन वर्षांचा असावा लागतो. गोडी वाढवायला वरून काही घालता येत नाही. घटकांच्या यादीत साखर, स्वीटनर किंवा फळाचा अर्क दिसला तर ती गोड जातीची. अल्कोहोलचं प्रमाणही सांगून जातं. लिंडेमान्स या ब्रुअरीची फ्रँबोआज जेमतेम २.५ टक्के आहे, तर कोरड्या ग्यूझ साधारण ५ ते ७ टक्क्यांत असतात.

दोन ठिकाणी हा नियम फसवतो. ब्रसेल्समधली कांतियों ही १९०० सालापासूनची ब्रुअरी आपल्या नेहमीच्या बाटल्यांवर 'ऊड' लिहीत नाही, तरी तिथली ग्यूझ पूर्ण पारंपरिक आहे. लेबलवर '१०० टक्के लँबिक' दिसेल. उलट 'ऊड ब्रून' या नावात ऊड आहे, पण ती लँबिक नव्हे, फ्लँडर्समधली तपकिरी आंबट बीअर आहे. रूसेलारची रोडेनबाख, फिख्तची डचेस द बुर्गोन्य याही आंबट, याही लाकडात मुरलेल्या, पण जात वेगळी. त्यांच्यात व्हिनेगरच्या अंगाचा आंबटपणा जास्त असतो आणि माल्टचा गोडवा मागून येतो. त्यांना लँबिकच्या मापाने मोजून गुण कापू नका.

सुरुवात कशापासून करावी

माझं मत स्पष्ट आहे: फळापासून करू नका. सगळे फळापासूनच करतात, कारण ओळखीचं वाटतं. पण फळ लँबिकवर पांघरूण घालतं आणि खालचं काहीच दिसत नाही. पहिली बाटली ऊड ग्यूझ बूनची घ्या. लेम्बेक गावातल्या या ब्रुअरीची ग्यूझ तुलनेने सौम्य, नीट बेतलेली आणि युरोपात सहज मिळणारी आहे. मग बेर्सेल गावातून सुरू झालेल्या ड्री फाँटेनेनची, मग कांतियोंची. या तीन ग्यूझ ओळीने चाखल्या की एकाच जातीत स्वभाव किती वेगळे असतात ते पुस्तकाशिवाय कळतं. त्यानंतर त्याच घरांच्या क्रीक घ्या. गोड क्रीक हवी असेल तर शेवटी, गोडधोडासारखी. आधी गोड प्यायलात तर नंतरची कोरडी बीअर उगाच जहाल लागेल.

एका बैठकीत चार प्रकार पुष्कळ झाले. ७५० मिलीची बाटली आठ-दहा जणांत वाटली तरी प्रत्येकाला चाखण्यापुरती मिळते, आणि चाखण्यासाठी ७५-८० मिली भरपूर होतात. पित्ताचा त्रास असेल तर उपाशीपोटी बसू नका. या बीअर पोटात शिरल्यावरही आंबटच असतात. बरोबर साधा पाव आणि पाणी ठेवा. ब्रसेल्सकडे जोडीला मऊ पांढरं चीज, मुळ्याच्या चकत्या आणि ब्राउन ब्रेड देतात, आणि ही जोडी खरोखर जमते. शेव-चिवडा मात्र दूर ठेवा. तिखटावर आम्ल पडलं की जीभ फक्त जळजळ नोंदवते.

उघडणं आणि ओतणं

बऱ्याच पारंपरिक बाटल्यांना वर साधं पत्र्याचं बूच आणि त्याच्या खाली कॉर्क असा दुहेरी बंदोबस्त असतो. ओपनरने वरचं बूच काढल्यावर आत कॉर्क पाहून गोंधळू नका. वाइनचा कॉर्कस्क्रू आधीच जवळ ठेवा. तारेच्या जाळीचा फुगीर कॉर्क असेल तर जाळी सैल करताना अंगठा कॉर्कवर हवा आणि बाटलीचं तोंड माणसांकडे नको. आत शॅम्पेनसारखा दाब असतो.

फ्रिजमधली बाटली लगेच ओतू नका. ४ अंशांवर ही बीअर फक्त आंबट लागते. अर्धा तास बाहेर ठेवून १०-१२ अंशांवर आली की वास सुटायला लागतो. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात हेच काम दहा मिनिटांत होतं, तेवढं लक्षात असू द्या.

तळाशी गाळ बसलेला असतो. बेल्जियममध्ये आडवी साठवलेली बाटली वेताच्या छोट्या टोपलीत तशीच तिरकी ठेवून ओततात, म्हणजे गाळ हलत नाही. टोपली नसेल तर आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा आणि एकाच दमात सगळ्या ग्लासांत ओता. दर वेळी बाटली सरळ केली की गाळ ढवळला जातो, आणि शेवटच्या ग्लासाच्या नशिबी गढूळ पाणी येतं. ग्लास वाइनचा चालेल. एक तृतीयांश भरा, जास्त नाही.

नाक आधी

पहिला वास न ढवळता घ्या, दुसरा ग्लास फिरवून, तिसरा दहा मिनिटांनी. तिन्ही वेळी जे येईल ते त्याच क्षणी लिहा. आधी शेजाऱ्याला विचारलंत तर त्याचा वास तुमच्या नाकात शिरलाच म्हणून समजा.

ग्यूझमध्ये साधारणपणे लिंबू किंवा पपनसाची साल, हिरवं सफरचंद, ओला पेंढा, चामडं, जुन्या लाकडी कपाटाचा वास आणि कधी मधाची झाक सापडते. पेंढा, तबेला, घोड्याच्या अंगावरची घोंगडी हा सगळा ब्रेटचा प्रताप. स्वच्छ गोठा आणि न झाडलेला गोठा यांतला फरक आपल्याकडे कोणालाही सांगावा लागत नाही, आणि इथे तोच उपयोगी पडतो. पहिला हवाहवासा, दुसरा दोष. जुन्या हॉप्समुळे किंचित चीजसारखा वासही येतो. तो कोवळ्या लँबिकमध्ये जास्त असतो आणि थोडा असला तर खपतो.

मग जीभ

पहिला घोट जिभेला फक्त सूचना देतो. त्यावरून काही लिहू नका. दुसरा घोट तोंडभर फिरवा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या पकडा.

आंबटपणाची जात आधी. लॅक्टिक आम्ल म्हणजे ताकातलं आम्ल. ते गोल असतं, जिभेच्या कडांना पाणी सुटतं, गिळल्यावर घसा शांत राहतो. अ‍ॅसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलं. ते नाकात चढतं आणि घशाशी टोचतं. चांगल्या ग्यूझमध्ये पहिलं पुढे असतं आणि दुसरं चिमूटभर. क्रीकमध्ये यावर फळाचं स्वतःचं आम्लही येतं, आणि ते बरंचसं कच्च्या करवंदाच्या अंगाने जातं. 'आंबटपणा तीव्र' एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'ताकाच्या अंगाचा, मध्यम, शेवटी व्हिनेगरची हलकी टोच' असं लिहिलंत की त्याच्या तोंडाला पाणी तरी सुटतं.

दुसरा तुरटपणा. तो आम्लापासून वेगळा ओळखायला सराव लागतो. आंबटाने तोंडात पाणी येतं, तुरटाने तोंड कोरडं पडतं. तुरटी लाकडातून येते, फळाच्या सालीतून येते आणि चेरीच्या बियांतूनही. तिसरं म्हणजे अंग: फेस टोचतो की गुळगुळीत आहे, बीअर पाण्यासारखी पातळ लागते की तोंडात काही राहतं. लँबिकमध्ये साखर फारशी उरत नाही, तरी उत्तम ग्यूझ पातळ लागत नाही. हे कसं जमतं ते नुसतं चाखून सांगणं कठीण, पण जमलं आहे की नाही ते लगेच कळतं.

गिळल्यावर अर्धा मिनिट थांबा. पुढच्या एका दोषासाठी हे थांबणं फार महत्त्वाचं आहे.

फळांच्या लँबिककडे पाहताना

लालभडक रंग पाहून मेंदू गोडाची तयारी करतो, आणि ऊड क्रीक त्याची फजिती करते. अख्ख्या चेरी बियांसकट महिनोन्‌महिने लँबिकमध्ये पडून असतात. लिटरमागे २०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त फळ घालतात, आणि त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. उरतो तो फळाचा वास, रंग, आम्ल आणि बियांतून उतरलेला बदामाचा स्वाद. हा बदाम सापडला की अख्खी फळं वापरल्याची बरीच खात्री पटते, तरी लेबल बघाच, कारण बदामाचा स्वाद वरूनही घालता येतो. ब्रसेल्समधल्या स्खारबेकच्या नावाची चेरी परंपरेने मानाची, पण ती आता पुरत नाही, त्यामुळे बऱ्याच ब्रुअऱ्या पूर्व युरोपातली चेरी आणतात. नुसत्या नावावर हुरळून जाऊ नका.

फ्रँबोआजचा सुगंध सगळ्यात नाजूक. कांतियोंची रोझे द गांब्रिनुस ताजी असताना ग्लासभर रासबेरी असते, दोन-तीन वर्षांनी रंग विटकरी होतो आणि फळ मागे सरतं. जर्दाळूची फू फून तर लवकर पिण्यासाठीच असते. ग्यूझ दहा वर्षं राखून ठेवण्यात अर्थ आहे. तिच्यावरच्या तारखाही कधीकधी वीस वर्षं पुढच्या असतात. फळाची लँबिक राखून ठेवणं मला तरी पटत नाही. परीक्षणात म्हणूनच बाटलीत भरल्याचं वर्ष आवर्जून लिहा. वर्ष नसलेलं फ्रँबोआजचं परीक्षण कोणाच्याच कामाचं नसतं.

दोष की स्वभाव?

नेलपॉलिश रिमूव्हरचा वास म्हणजे एथिल अ‍ॅसिटेट. पुसटसा असेल तर फळासारखा भासतो, डोळ्यांत गेला तर दोष. लहान बाळाने ओकलेल्या दुधाचा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल, याला माफी नाही. ओल आलेल्या पुठ्ठ्याचा वास बऱ्याचदा कॉर्कमुळे येतो आणि तेव्हा त्याचा ठपका ब्रुअरीच्या हातावर ठेवता येत नाही. बीअर ओतताना तेलासारखी तार धरत असेल तर तो पेडिओकॉकसचा चिकटपणा. पिपात तो मधेच येतो आणि ब्रेट पुढे त्याचा निकाल लावतं. बाटलीत सापडला तर तिच्या जोडीची बाटली सहा महिने विसरून जा.

सगळ्यात चकवणारा दोष उंदराचा. रसायनाचं नाव टेट्राहायड्रोपिरिडीन. ग्लासात नाक घातलं तर काही येत नाही, कारण आम्लात हा पदार्थ वासाला उठतच नाही. गिळल्यावर लाळेत मिसळून आम्ल सौम्य होतं, आणि मग घशाच्या मागून सादळलेल्या बिस्किटांची किंवा उंदराच्या पिंजऱ्याची चव वर येते. काहींना ती अजिबात कळत नाही. त्यामुळे एकाच टेबलावर एक जण तोंड धुवायला पळतो आणि दुसरा पाचपैकी पाच देतो, असं घडतं. दोघेही खोटं बोलत नसतात.

लिहायचं कसं

आधी प्रश्न ठरवा: ही बीअर काय व्हायला निघाली होती? लिंडेमान्सच्या गोड फ्रँबोआजला 'कोरडी नाही' म्हणून शून्य देणं म्हणजे भेळवाल्याकडे जाऊन पुरणपोळी मिळाली नाही म्हणून रुसणं. तिच्यातलं फळ खरं लागतं का, गोडी आणि आम्ल एकमेकांना सांभाळतात का, हे विचारा.

बीअरच्या स्पर्धांतले परीक्षक वापरतात ती बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेची पन्नास गुणांची पद्धत सरावासाठी चांगली आहे. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या अंगाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला फक्त तीन गुण आहेत, म्हणजे फेसाच्या फोटोत दहा मिनिटं घालवण्याची गरज नाही.

'ऑसम! जबरदस्त आंबट, फंक एकदम भारी' हे परीक्षण नव्हे, ही आरोळी झाली. त्याऐवजी असं काही लिहा:

ऊड ग्यूझ बून, ३७५ मिली, ७ टक्के. अर्धा तास बाहेर ठेवून ओतली. रंग गडद सोनेरी, जवळजवळ नितळ. पांढरा दाट फेस, पाच मिनिटांनी काठाशी कडं उरलं. वास: पपनसाची साल पुढे, मागे ओला पेंढा आणि थोडं ओकचं लाकूड. व्हिनेगर नाही. चव: ताकाच्या अंगाचा मध्यम आंबटपणा, मधोमध गव्हाची किंचित गोडसर झाक, शेवटी लाकडाची तुरटी. घशाशी टोचत नाही. फेस बारीक आणि चपळ. पंधरा मिनिटांनी पपनस मागे गेलं, मध आणि वाळलं गवत वर आलं. उंदीर नाही. नवख्याला पहिली बाटली म्हणून देईन. रांगडेपणा शोधणाऱ्याला थोडी सभ्य वाटेल. ३९/५०.

यात एकही अवघड शब्द नाही, तरी वाचणारा ठरवू शकतो की घ्यावी की नाही. शेवटची दोन वाक्यं सोडू नका. कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे सांगायला परीक्षण लिहायचं.

दुर्मीळपणापासून सावध राहा. ज्या बाटलीसाठी रांग लावली, दामदुप्पट मोजले, ती वाईट आहे म्हणायला जीभ वळत नाही. रेटिंगच्या अ‍ॅपवर दुर्मीळ बाटल्यांचे आकडे का फुगतात ते यात आलंच. उपाय साधा आहे. कोणाला तरी आतल्या खोलीत ओतायला सांगा आणि ग्लासखाली नंबरांच्या चिठ्ठ्या ठेवा. दुकानातली साधी ग्यूझ अशा वेळी भल्याभल्यांना मागे टाकते.

बेल्जियमला गेलात तर

ब्रसेल्सच्या मिडी स्टेशनवरून कांतियों चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९७८ पासून ब्रुअरीतच संग्रहालय आहे. छपराखालचा तांब्याचा हौद आणि पिपांच्या रांगा पाहून मग खाली येऊन ग्लास हातात घेतला की वर लिहिलेलं बरंचसं आपोआप समजतं. दर दोन वर्षांनी वसंत ऋतूत 'टूर द ग्यूझ' असते, त्या शनिवार-रविवारी पायोटनलँडमधल्या बऱ्याच ब्रुअऱ्या आणि मिश्रण करणारी घरं दारं उघडी ठेवतात. गाडी मात्र स्वतः चालवू नका, बस असतात.

येताना बाटल्या आणायच्या तर भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलीच्या दोन आणि ३७५ मिलीची एक मिळून १८७५ मिली होतात, म्हणजे हिशेब बसतो. चेक-इन सामानात, प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग कपड्यांत गुंडाळून, कडांपासून दूर ठेवा. घरी आल्यावर लगेच उघडू नका. प्रवासात गाळ ढवळलेला असतो आणि फेसही बिथरलेला असतो, म्हणून दोन-तीन आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पडू द्या. एप्रिल-मे मध्ये माळ्यावर किंवा ओट्याखालच्या कपाटात तर अजिबात नको.